हेम्प ब्लॉकची भिंत: एक हिवाळा, एक उन्हाळा

आमचं घर बेल्जियममध्ये, गेंटला. शंभरेक वर्षांपूर्वीचं, दोन्हीकडून शेजाऱ्यांना चिकटलेलं. रस्त्याकडची भिंत भरीव विटांची, मध्ये पोकळी नाही. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या आमच्या या भागात, 2023 पासून नियम आहे की ऊर्जेचा ई किंवा एफ दर्जा असलेलं घर विकत घेतलं, तर ठरलेल्या मुदतीत ते निदान डी दर्जाला आणायचं. भिंत थेट फुटपाथला लागून, त्यामुळे बाहेरून उष्णतारोधक थर लावायची सोय नाही. जे करायचं ते आतूनच.

आतून करायचं म्हटलं की इथे सगळे फोमच्या पाट्या सुचवतात. आम्ही 15 सेंटीमीटर जाडीचे हेम्पचे, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाचं खोड आणि चुना यांचे, ब्लॉक घेतले, आणि त्याचं मुख्य कारण ऊब नव्हतंच. कारण होतं ओल. कपाटामागच्या कोपऱ्यात दर हिवाळ्यात काळी बुरशी यायची, रंगाचे पोपडे निघायचे. आमच्या घरात रोज कुकर, रोज पोळ्या, वर जानेवारीत कपडेही आतच वाळत घातलेले. फोम लावायचा तर आतून वाफरोधक पडदा लागतो. त्याला कुठे फट राहिली, की वाफ मागच्या गार विटेपर्यंत जाते आणि तिथे तिचं पाणी होतं. ते वर्षानुवर्षं दिसतसुद्धा नाही. हेम्प आणि चुना वाफ शोषून घेतात, हवा कोरडी झाली की सोडतात. मात्र जुनी वीट आणि ब्लॉक यांच्यामधली फट चुना-हेम्पच्या मिश्रणाने गच्च भरावी लागते. गवंडी हे मन लावून करतोय ना, ते शेजारी उभं राहून बघा.

ब्लॉक हातात घेतला तर कुरमुऱ्याच्या लाडवासारखा दिसतो: खोडाच्या आतल्या लाकूडसर गाभ्याचे तुकडे, चुन्याने एकमेकांना धरलेले. भट्टी नाही, दाबून हवेत वाळवतात. 60 बाय 30 सेंटीमीटरचा एक ब्लॉक साधारण 9 किलोचा. साध्या करवतीने कापला जातो, वायरिंगच्या खाचाही सहज निघतात. कापताना सुक्या कडब्याचा वास येतो आणि चुन्याची धूळ घसा धरते. मास्क लावाच. झाड गांजाच्याच कुळातलं खरं, पण युरोपात अनुदानाच्या शेतीसाठी जे वाण चालतात त्यांत टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याची, मर्यादा 0.3 टक्के आहे. तेव्हा मित्रांचे विनोद हसून सोडून द्या.

आता बुरशीचं. पहिल्या हिवाळ्यात कोपरा स्वच्छ राहिला. खोलीतली आर्द्रता पूर्वी 75 टक्क्यांच्या पुढे जायची, आता बहुतेक 60 च्या आत असते. पण त्याच वेळी आम्ही स्वयंपाकघरात नवा एक्झॉस्टही बसवला, त्यामुळे सगळं श्रेय ब्लॉकला देणार नाही. भिंतीला पाठ टेकून बसलं तरी गारठा लागत नाही, हे मात्र नक्की ब्लॉकचं. उन्हाळ्यात पश्चिमेचं ऊन येऊनही खोली उशिरा तापते. ट्रामचा आवाज कमी झाला, पण खिडकीतून यायचा तो येतोच.

त्रास कशाचा झाला? गिलाव्याचा. ब्लॉकवर चुन्याचाच गिलावा हवा, आणि तो ओल्या नोव्हेंबरात वाळता वाळत नाही. डिसेंबर सरेपर्यंत भिंत राखाडी, सामान मधल्या खोलीत रचलेलं. गवंडी तयार जिप्समचा आग्रह धरून बसला होता, मी बधले नाही. वर नेहमीचा प्लास्टिक इमल्शनही चालत नाही. चुन्याचा किंवा सिलिकेटचा रंग द्यायचा, नाहीतर भिंतीचं तोंडच बंद होतं. पुरवठादाराने पाठवलेल्या ब्लॉकच्या एका थप्पीवरचं प्लास्टिक फाटलेलं होतं. ते ब्लॉक भिजलेले, वाळेपर्यंत काम अडलं. तक्रारीला उत्तर आलं, भरपाई नाही.

आणि जागा. या जाडीला उष्णतारोध (आर-मूल्य; जितकं जास्त तितकी उष्णता अडते) साधारण 2.1 मिळतो, फोम तेवढं 5 सेंटीमीटरच्या आत देतो. चार मीटर रुंदीच्या घरात हा फरक डोळ्यांना दिसतो. पैसेही जास्त गेले. जड फळी साध्या प्लगवर टिकत नाही, म्हणून टीव्हीच्या जागी आधीच लाकडी पट्टी बसवून घेतली. जमिनीतून ओल चढत असेल तर तिचा बंदोबस्त आधी करा, पहिला थर थेट फरशीवर नको. हे ब्लॉक इमारतीचा भार पेलत नाहीत, तेही लक्षात असू द्या.

विक्रेते ‘कार्बन निगेटिव्ह’ म्हणतात, म्हणजे बनवताना सुटतो त्याहून जास्त कार्बन धरून ठेवणारं. चार महिन्यांत वाढणारं पीक कार्बन धरतं, चुनाही घट्ट होताना थोडा परत घेतो, पण चुनखडी 900 अंशांच्या आसपास भाजावी लागते आणि त्यात कार्बन सुटतो, ते कोणी बोलत नाही. वेरूळचं नावही सारखं घेतलं जातं. तिथल्या मातीच्या गिलाव्यात हेम्पचे अंश सापडल्याचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, हे खरं. पण तो गिलावा होता, ब्लॉक नव्हे.

पुण्याच्या भावाने विचारलं, आमच्याकडे लावू का? त्याच्या घराला गारठ्याची अडचणच नाही. पश्चिमेच्या भिंतीला सावली आणि गच्चीवर उष्णतारोधक थर, एवढं आधी कर म्हटलं. भारतात 2018 मध्ये औद्योगिक हेम्पच्या शेतीला परवानगी देणारं पहिलं राज्य उत्तराखंड. तिथल्या पौडी गढवालमध्ये हेम्पची इमारतही उभी आहे. डोंगरातल्या थंडीत ते शोभतं. आम्ही मागच्या खोलीलाही हेच लावणार आहोत, फक्त 12 सेंटीमीटरचे, आणि गिलाव्याचं काम एप्रिलमध्ये.