घरभेटी की चोवीस तास चालणारा प्रसूतिकक्ष: तोकड्या निधीत आधी काय?

साधनांची चणचण असलेल्या देशात माता-बालआरोग्याच्या निधीचे वाटप करणाऱ्यापुढे बहुधा दोन वाटा असतात. गावातल्याच स्त्रीला प्रशिक्षण देऊन गरोदरपणापासून बाळ महिन्याचे होईपर्यंत घरभेटी सुरू करायच्या, ही एक. आहे त्या आरोग्य केंद्राचा प्रसूतिकक्ष रात्रंदिवस चालता ठेवून तेथून सिझेरियन व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत वाहन उभे करायचे, ही दुसरी. दोन्ही हव्यात हे खरेच, पण पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडताना त्या उत्तराचा उपयोग होत नाही.

घरभेटींच्या बाजूचा सर्वांत ठळक पुरावा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत हा प्रयोग केला आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. पुढे इतर देशांत, सरकारी यंत्रणेमार्फत मोठ्या प्रमाणावर झालेल्या प्रयोगांत एवढी घट दिसली नाही. माझ्या मते याचे एक मोठे कारण असे, की अनुकरण करणाऱ्यांनी बऱ्याचदा भेट तेवढी उचलली आणि कार्यकर्तीच्या पिशवीतली औषधे व पाठीमागची देखरेख मागे ठेवली. गडचिरोलीतली कार्यकर्ती बाळाची छाती उघडी करून, घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजत असे. ते साठ किंवा त्याहून अधिक भरले, बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार लागले, तर जंतुसंसर्ग धरून घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याची तिला मुभा होती. ही मुभा द्यायची तयारी नसेल, तर घरभेटीकडून स्तनपान, ऊब आणि वेळेवर रुग्णालयात पाठवणे एवढीच अपेक्षा धरावी. तीही कमी नाही, पण ६२ टक्के तिच्यात नाहीत.

आईच्या बाबतीत मात्र घरभेट लवकर थिटी पडते. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो. त्या वेळी जवळ प्रशिक्षित हात आणि औषध असावे लागते. येथे उपाय वाटतो तितका महाग नाही. भिजलेल्या कापडावरून रक्ताचा अंदाज नेहमी कमीच बांधला जातो, म्हणून बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची आणि धोक्याची खूण गाठताच गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारे ट्रॅनेक्सामिक ॲसिड व सलाइन हे सारे एकदमच सुरू करायचे. केनिया, नायजेरिया, टांझानिया व दक्षिण आफ्रिकेतील ८० रुग्णालयांत ही पद्धत तपासली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीव्र रक्तस्राव व त्यातून ओढवणारे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. ऑक्सिटोसिन मात्र २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि वीज गेलेल्या फ्रिजमधली कुपी दिसायला चांगल्या कुपीसारखीच असते. जेथे विजेचा भरवसा नाही तेथे रक्तस्राव टाळण्यासाठी उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन घेणे शहाणपणाचे.

खरा खर्च माणसांचा. आठवड्याचे १६८ तास आणि एका परिचारिकेचे ४० तास धरले, तर एक जागा सतत भरलेली ठेवायला रजा न धरताही चारपेक्षा अधिक परिचारिका लागतात. म्हणूनच प्रत्येक केंद्रात प्रसूतीची सोय करण्याचा मोह टाळावा. महिन्याला दोन-तीन बाळंतपणे होणाऱ्या ठिकाणी हात सरावाचे राहत नाहीत. मोजकी केंद्रे निवडून ती पूर्ण सज्ज करावीत. नव्या इमारतींचा विचार तर सर्वांत शेवटी.

रोख प्रोत्साहन देऊन स्त्रियांना केंद्रात आणण्याचा पर्यायही सुचवला जातो. भारतात २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने संस्थेतील बाळंतपणे झपाट्याने वाढवली. मातामृत्यू त्याच वेगाने घटल्याचे मात्र अभ्यासांत स्पष्ट दिसले नाही. कक्ष सज्ज नसताना गर्दी वाढवू नये.

एकंदरीत, शस्त्रक्रियेची सोय वाहनाने दोनेक तासांत गाठता येत असेल, तर पहिला निधी प्रसूतिकक्ष व वाहनाला द्यावा. डोंगर, नद्या वा पावसाळा यांमुळे रस्ता महिनोन्‌महिने तुटत असेल, तर घरभेटी आधी. आणि त्यांच्यासोबत घरी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीच्या हाती आठव्या महिन्यातच रक्तस्राव टाळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, त्या बाळ जन्मल्यावरच घ्यायच्या हे नीट समजावून. नेपाळने महिला स्वयंसेविकांमार्फत हे केले आहे.

निर्णयापूर्वी केंद्राच्या प्रसूती नोंदवहीतील वेळांचा रकाना जरूर पाहावा. नैसर्गिक बाळंतपण दिवस-रात्र पाहत नाही. तरीही नोंदी बहुतेक सकाळी दहा ते पाच यांमधल्याच असतील, तर ते केंद्र कागदावर काहीही असो, रात्री बंद असते, आणि तेथे यंत्रे घेण्याआधी रात्रपाळीची माणसे नेमावी लागतील.