स्कॅन फुकट, पण ‘चुका’ काढायचे पैसे

संगणक हळू चालतो म्हणून नेटवर शोधलं की वरच्या जाहिरातींत एखादा ‘पीसी क्लीनर’ किंवा ‘ड्रायव्हर अपडेटर’ दिसतोच (ड्रायव्हर म्हणजे आवाज, वायफाय असे भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्रॅम). डाउनलोड फुकट, स्कॅनही फुकट. थोड्याच वेळात लाल अक्षरांत शेकडो ‘एरर’ येतात, आणि ‘फिक्स ऑल’ दाबलं की कार्डाचा नंबर मागतात. पैसे देण्याआधी ती यादी उघडून बघा. बहुतेक वेळा त्यात ब्राउझरच्या कुकीज, टेम्प फोल्डरमधल्या फायली आणि आधी काढलेल्या प्रोग्रॅमच्या रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज जिथे सेटिंग्ज साठवतं तिथल्या, नोंदी असतात. रजिस्ट्रीतल्या अशा नोंदी पुसून वेग वाढत नाही. चुकीची नोंद पुसली गेली तर चालता प्रोग्रॅम मात्र बंद पडतो.

नावाजलेल्या दुकानातही हे घडलं आहे. अमेरिकेत ऑफिस डेपोच्या दुकानांत ‘पीसी हेल्थ चेक’ फुकट करून देत. सुरुवातीला चार प्रश्न विचारत: मशीन हळू झालंय का, पॉपअप येतात का, असे. एकाला जरी ‘हो’ म्हटलं, तरी स्कॅनमध्ये काही सापडो न सापडो, ‘मालवेअरची लक्षणं’ हा निकाल ठरलेला. त्यावर दुरुस्ती विकायची. २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेशी तडजोड करताना कंपनीला २.५ कोटी डॉलर, आणि प्रोग्रॅम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमला १ कोटी डॉलर भरावे लागले.

स्क्रीनवर फोन नंबर दिसला तर धोका आणखी मोठा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. फोनवरचा ‘इंजिनिअर’ एनीडेस्क हे दुरून मशीन चालवू देणारं ॲप घ्यायला लावतो आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या लाल खुणा दाखवून घाबरवतो. धडधाकट मशीनवरही त्या असतात. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत) ‘८८८डीसीए६०’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दाखवून म्हणतो, हा तुमच्या मशीनचा आयडी, आमच्याकडेही हाच नोंदलाय. तो क्रमांक सगळ्या विंडोजवर सारखाच असतो.

कोणाला असा रिमोट (दुरून मशीनचा ताबा) दिला असेल तर आधी नेट तोडा, एनीडेस्क काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेचे व ईमेलचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला लगेच कळवा.

आता तो क्लीनर किंवा अपडेटर काढायचा. आधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत नेता येतं. टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम बंद करा, मग सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी तारखेनुसार लावा, त्याच दिवशी सोबत घुसलेले पाहुणेही दिसतील. काढताना ‘५०% सवलत’ असले पडदे मध्ये येतात, त्यात ठळक बटण बहुधा प्रोग्रॅम ठेवण्याचं असतं. सावकाश वाचून दाबा. सेफ मोडची (मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करण्याची) घाई नको: तिथे विंडोज इन्स्टॉलर सेवा एरवी बंद असते, त्यामुळे बरेच प्रोग्रॅम निघतच नाहीत. नंतर टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं), स्टार्टअप (मशीनसोबत सुरू होणारे प्रोग्रॅम) आणि ब्राउझरच्या नोटिफिकेशन परवानग्या तपासा. प्रोग्रॅम गेल्यावरही पॉपअप येत राहिले, तर बहुतेकदा त्या परवानग्याच कारण असतात.

खरी डोकेदुखी ड्रायव्हरची. अपडेटरने आवाजाचा किंवा वायफायचा ड्रायव्हर दुसराच घातला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. बटण फिकट दिसत असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर बघून मूळ ड्रायव्हर घ्या. काही युटिलिटी निघताना स्वतःचा ड्रायव्हर मागे सोडतात, आणि तो विंडोजशी जुळत नाही. विंडोज सिक्युरिटीत ‘कोअर आयसोलेशन’मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा सुरू करून बघा. ती अडली तर न जुळणाऱ्या ड्रायव्हरचं नाव आणि त्याची ओईएमने सुरू होणारी फाइल तिथेच दिसते. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयुटिल या विंडोजमधल्याच साधनाच्या ‘डिलीट ड्रायव्हर’ आज्ञेला नेमकं तेच फाइलनाव द्या. अंदाजाने दुसरी फाइल उडवली तर चालता भाग बंद पडेल.

सोबत एखादा अँटीव्हायरस आला असेल, तर त्याने डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, बाजूला सारलेला असतो. सोबत आलेला तो काढून मशीन रीस्टार्ट करा, डिफेंडर परत सुरू झाला का ते बघा आणि त्याचा ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी चालणारा) चालवा. सुमारे १५ मिनिटं लागतात.

प्रोग्रॅम काढला म्हणून वर्गणी थांबत नाही. कार्डावरचा ऑटोपे बँकेच्या ॲपमधून वेगळा रद्द करा. काही महिन्यांनी ‘कंपनी बंद झाली, पैसे परत देतो, एनीडेस्क उघडा’ असाही फोन येऊ शकतो, तेव्हा तो लगेच ठेवा.