बूदँच्या किनाऱ्याचे मालक: वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीची वेबसाइट

फ्रेंच चित्रकार यूजेन बूदँने फ्रान्समधल्या त्रूव्हीलचा गजबजलेला किनारा छोट्या आकारात इतक्यांदा रंगवला की नुसत्या नावावरून चित्र ओळखणं अशक्य. म्हणून गॅलरीच्या वेबसाइटवरची मालकीची नोंद, म्हणजे चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं याची यादी, वाचण्याआधी माप, सहीजवळचं साल आणि श्मिट यांनी 1973 मध्ये काढलेल्या बूदँच्या चित्रांच्या सूचीतला क्रमांक जुळवा. मग विरामचिन्हं बघा: अर्धविराम म्हणजे चित्र थेट पुढच्या मालकाकडे गेलं, पूर्णविराम म्हणजे मधला दुवा सापडलेला नाही. कंसातलं नाव विक्रेत्याचं किंवा लिलावगृहाचं. घाईत तो पूर्णविराम निसटतो, आणि तुटलेला दुवा 1933 ते 1945 मधला असेल तर नाझी लुटीची शक्यता तपासावीच लागते. देणगीदाराचं नाव ही फक्त शेवटची कडी. सेवा मोफत, नोंदी काटेकोर. प्रत्येक चित्राच्या पाठीवरच्या लेबलांचे फोटो मात्र हवेत.