अनुदान-अहवालाचं सॉफ्टवेअर: खर्च चोख, लाभार्थ्यांची मोजणी कच्ची

सरकारी अनुदानाच्या करारातली उद्दिष्टं, हप्ते आणि अहवालाच्या तारखा एकदा भरल्या की हे सॉफ्टवेअर प्रत्येक खर्च आपापल्या शीर्षाखाली दाखवतं आणि मंजूर रकमेबाहेरची नोंद तिथेच अडवतं. हे उत्तम. खरी अडचण लाभार्थी मोजताना येते. एकच व्यक्ती 3 प्रशिक्षणांना आली तर सॉफ्टवेअर 3 लाभार्थी धरतं. तिमाहींची बेरीज केली की वार्षिक आकडा फुगतो. त्यामुळे प्रत्येकाला कायमचा क्रमांक द्या, ‘उपस्थिती’ आणि ‘व्यक्ती’ हे निर्देशक (म्हणजे मोजायच्या बाबी) वेगळे ठेवा. प्रकल्पाआधीची स्थिती नोंदवायचा रकाना सक्तीचा नाही, हे मला फार खटकतं. तो रिकामा राहिला तर वर्षअखेरीस प्रगती कशाशी ताडणार? हजेरीपट आणि पावत्या जोडणं मात्र सोपं आहे.