हाडांची घनता: लाळेची जनुकचाचणी की डेक्सा?

आईचा किंवा आजीचा खुबा मोडलेला ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना पन्नाशी उलटली की लाळेची जनुकचाचणी किंवा डेक्सा (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी) यांपैकी कशावर तरी पैसे खर्च करावेत असे वाटू लागते. तसे वाटणे गैर नाही. जुळ्यांवरील अभ्यासांनुसार हाडांच्या घनतेत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा ५० ते ८५ टक्के वाटा आनुवंशिक असतो. मी दोन्ही चाचण्या करून घेतल्या आहेत.

सोयीला जनुकचाचणी सरस. रत्नागिरीजवळच्या पावस गावी घरबसल्या नळीत लाळ भरून कुरियरने पाठवली की काम होते; डेक्सासाठी मी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठले, आणि ऐन पावसाळ्यात तो प्रवास कोणाला सुचवण्याजोगा नाही.

तरीही जनुकांच्या अहवालातील एक गोष्ट मला खटकली ती खटकलीच. माझा धोका ‘सरासरीपेक्षा अधिक’ असल्याचे त्यात ठळक छापले होते. ही सरासरी कोणाची, हे मात्र शेवटच्या पानावर बारीक टाइपात होते: युरोपीय वंशाच्या लोकांची. यूके बायोबँक या ब्रिटनमधील लाखो लोकांच्या आरोग्य-जनुक संग्रहाच्या माहितीवर आधारित २०१९ च्या मोठ्या अभ्यासात हाडांच्या घनतेशी निगडित ५१८ जनुकस्थाने सापडली, पण त्या सर्वांनी मिळून टाचेच्या हाडाच्या घनतेतील फरकाचा सुमारे २० टक्के भागच उलगडला, तोही गोऱ्या ब्रिटिशांमध्ये. ते गणित कोकणातल्या माणसाला कितपत लागू पडावे, याविषयी मी साशंक आहे.

असाच आक्षेप डेक्सावरही घेता येईल, कारण खुब्याच्या टी-स्कोअरमध्येही (आपली घनता तरुण वयातल्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त, हे सांगणाऱ्या आकड्यातही) तुलना तरुण गोऱ्या अमेरिकन स्त्रियांशी असते. मात्र तेथे मोजलेले हाड तरी माझे असते, आणि औषध सुरू केल्यावर वर्षा-दोन वर्षांनी तोच आकडा पुन्हा तपासता येतो. (उतारवयात मणक्याच्या झिजेमुळे तेथील आकडा फसवा चांगला येऊ शकतो, खुब्याचा आधी पाहावा.)

दोन्ही अहवाल अस्थितज्ज्ञांपुढे ठेवले, तेव्हा त्यांनी जनुकांची रंगीत पाने चाळून बाजूला सारली आणि विचारले, “आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का?” आईचा मोडला होता, अंगणातल्या शेवाळावर पाय घसरून. फ्रॅक्स या हाड मोडण्याच्या धोक्याच्या मापनात हा प्रश्न असतोच. म्हणजे आनुवंशिकतेचा थोडाफार हिशेब तेथे फुकटात होतो.

अर्थात, तरुण वयात किरकोळ धक्क्याने वारंवार हाडे मोडत असतील, तर एलआरपी५ किंवा सीओएल१ए१ यांसारख्या एखाद्याच जनुकातील दोष शोधणे योग्य ठरते. पण ती चाचणी तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावी, घरपोच येणाऱ्या किटवर विसंबून नव्हे.