सीमानाक्यापासून सुरू केलेली आखणी : बस आणि आगगाडीने चार देश फिरल्यानंतरचा अनुभव

व्हिएतनाम, लाओस, थायलंड आणि मलेशिया हे चार देश पाठीवर एक पिशवी घेऊन, केवळ सार्वजनिक बस आणि आगगाडीने ओलांडायचे, या प्रवासाची आखणी मी गेल्या पावसाळ्यात सांगलीत बसून सुरू केली आणि जानेवारीत तो प्रवास पार पडला. या काळात जी साधने हाताशी होती, म्हणजे वेळापत्रकांची संकेतस्थळे, दोन शहरांमधले पर्याय दाखवणारी ॲप, इंटरनेटशिवाय चालणारे नकाशे आणि आम्ही स्वतः तयार केलेला गूगल शीटमधला तक्ता, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे. यांतील बहुतेक साधने एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंतचा विचार करतात. जमिनीवरून अनेक देशांत जाणाऱ्याचा दिवस मात्र सीमानाक्यावर ठरतो, असे माझे मत झाले आहे आणि प्रत्येक साधनाला मी त्याच कसोटीवर तपासले आहे.

सोबत माझे मामा होते. ते एस. टी.त वाहतूक नियंत्रक होते आणि निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी फलाटावर उभी असलेली गाडी वेळेत सुटेल की नाही, हे ते चालकाच्या हालचालीवरून ओळखतात. माझा पहिला तक्ता पाहून ते म्हणाले, "गाडी किती वाजता सुटते ते कुणीही सांगेल. ती चुकली तर पुढची कधी आहे, ते लिही." त्यामुळे तक्त्यात "चुकल्यास पुढची" असा एक रकाना आला आणि पुढे सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच झाला, कारण ज्या टप्प्यावर हा रकाना रिकामा राहिला, तिथे मुक्काम धरूनच चालायचे, असा नियम आपोआप तयार झाला.

घरापासून थायलंडपर्यंत जमिनीनेच का जात नाही, असे अनेकांनी विचारले. मणिपूरमधील मोरे येथून म्यानमारमधील तामूला जाणारा मार्ग 2021 च्या लष्करी उठावानंतर सामान्य प्रवाशाच्या उपयोगाचा राहिलेला नाही आणि भारत, म्यानमार व थायलंड यांना जोडणारा नियोजित महामार्गही अपुराच आहे. म्हणून सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, तेथून विमानाने हनोई, आणि परतीचे विमान क्वालालंपूरहून, अशी दोन टोके ठरवली. मधला सगळा प्रवास जमिनीवरचा. एक व्यावहारिक गोष्ट येथेच सांगून ठेवतो : मुंबईला विमानतळावरच्या खिडकीवर परतीचे तिकीट मागतात आणि ते वेगळ्याच देशातून असेल, तर मधल्या मार्गाचा खुलासा करावा लागतो. तक्त्याची एक छापील प्रत तेथे दाखवल्यावर प्रश्न लवकर मिटला.

दोन शहरांची नावे टाकली की बस, आगगाडी, विमान आणि अंदाजे भाडे समोर मांडणारी ॲप आरंभीच्या काळात फार मोलाची वाटतात. एका संध्याकाळी बसून आपण अर्ध्या आशियाचा आराखडा काढू शकतो. माझा पहिला आराखडा हनोई, हो ची मिन्ह सिटी, कंबोडियातील नॉम पेन्ह व सिएम रीप आणि मग बँकॉक असा होता. मात्र जून 2025 च्या अखेरीस थायलंडने कंबोडियालगतचे जमिनीवरील नाके प्रवाशांसाठी बंद केले, जुलैमध्ये प्रत्यक्ष चकमकी झाल्या आणि डिसेंबरमध्ये त्या पुन्हा पेटल्या. एवढे सगळे घडूनही मी वापरत असलेले एक ॲप सिएम रीपहून बँकॉकला जाणारी बस पुढेही दाखवत राहिले, भाड्यासकट. या ॲपना रस्ता ठाऊक असतो. त्या रस्त्यावरचे फाटक बंद आहे की उघडे, ते त्यांना ठाऊक नसते. मार्गाची ढोबळ कल्पना येण्यापुरता त्यांचा वापर करावा. त्यांच्या भरवशावर पैसे भरू नयेत.

याच्या उलट अनुभव "द मॅन इन सीट 61" या संकेतस्थळाचा. पूर्वी ब्रिटिश रेल्वे क्षेत्रात काम केलेले मार्क स्मिथ 2001 पासून ते चालवतात. दिसायला ते जुन्या पद्धतीचे आहे, पाने लांबलचक आहेत आणि हवी ती ओळ शोधण्यासाठी बोट झिजवावे लागते. पण कोणत्या स्थानकावर उतरून कोणत्या दिशेला चालायचे, पारपत्राची तपासणी गाडीत होते की फलाटावर, डब्यात खालची शायिका कितपत रुंद आहे, हे तेथे फोटोंसह लिहिलेले असते. मामांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, तरी फोटोतला डबा पाहून त्यांनी खालच्या शायिकेचा आग्रह धरला आणि तो योग्यच ठरला. हे लिखाण सर्व देशांच्या वाचकांसाठी असल्याने भारतीय पारपत्राला लागू होणारे नियम मात्र स्वतंत्रपणे, त्या त्या देशाच्या सरकारी पानावरच पाहावे लागतात.

आमचा तक्ता शेवटी शहरांऐवजी नाक्यांच्या क्रमाने लावला. प्रत्येक नाक्यापुढे दोन्ही बाजूंची नावे, उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा, व्हिसा आधी काढायचा की तिथेच मिळतो, शुल्क कोणत्या चलनात, मधले अंतर चालत जायचे की वाहनाने, आणि पलीकडून निघणारी दिवसाची शेवटची गाडी, एवढी माहिती भरली. हे भरताना बऱ्याच गोष्टी आपोआप उघड झाल्या. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांपर्यंत मिळतो आणि एका प्रवेशासाठी 25 डॉलर पडतात, हे सर्वत्र वाचायला मिळते. पण अर्जात आत येण्याचे आणि बाहेर पडण्याचे ठिकाण निवडावे लागते आणि ते ठरावीक यादीतलेच असावे लागते, हे अर्ज उघडल्याशिवाय लक्षात येत नाही. लाओसचा ई-व्हिसाही मोजक्याच प्रवेशद्वारांवर चालतो, म्हणून तेथे नाक्यावर व्हिसा घेण्याचे ठरवले.

व्हिएतनाममधून लाओसमध्ये आम्ही लाओ बाओ येथून गेलो. हनोईहून रात्रीच्या गाडीने डोंग हा या शहरी, तेथून महामार्ग क्रमांक 9 ने सुमारे 80 किलोमीटरवर हा नाका आहे. ह्युए किंवा डोंग हा येथून थेट लाओसमधील सावन्नखेत शहराला जाणारी बसही असते आणि ॲप तीच पुढे करतात. ती आम्ही मुद्दाम टाळली. त्या बसमधले बहुतेक प्रवासी व्हिएतनामी किंवा लाओ असतात, त्यांना व्हिसा लागत नाही, ते काही मिनिटांत मोकळे होतात आणि मग सगळी बस दोघा भारतीयांच्या व्हिसासाठी खोळंबते. कधी कधी खोळंबतही नाही. त्यापेक्षा छोट्या गाडीने नाक्यापर्यंत जाणे, चालत पलीकडे जाणे आणि लाओसमधील दन्सावनच्या बाजूने दुसरी गाडी धरणे अधिक निश्चिंत होते. अशा वेळी घाई फक्त आपलीच असते.

दन्सावनच्या खिडकीवरचा प्रसंग आखणी करणाऱ्याच्या दृष्टीने सांगण्यासारखा आहे. अर्ज, फोटो आणि डॉलर पुढे सरकवल्यावर अधिकाऱ्याने प्रत्येक नोट दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरली आणि त्यातील एक, जिच्या कडेला नखाएवढी चीर होती, ती काहीही न बोलता परत केली. मामांनी कोऱ्या नोटा वेगळ्या पाकिटात, पुठ्ठ्याच्या आधाराने ठेवलेल्या होत्या, त्यामुळे काम अडले नाही. लाओसचा व्हिसा पारपत्राचे एक अख्खे पान व्यापतो, म्हणून कोरी पाने किती उरली आहेत तेही आधी पाहून ठेवावे. त्या बाजूने दुपार कलल्यावर गाड्या विरळ होत जातात, आणि "चुकल्यास पुढची" या रकान्यात आम्ही तेथे सरळ "मुक्काम" असे लिहिले होते.

इंटरनेटशिवाय चालणाऱ्या नकाशांपैकी ऑरगॅनिक मॅप्स आणि ओस्मअँड ही दोन ॲप वापरली. दोन्हींना ओपनस्ट्रीटमॅपचाच आधार आहे. पहिले हलके आणि झटपट, दुसरे अधिक तपशिलाचे पण हाताळायला किचकट. लाओसमधल्या डोंगरी भागात जेव्हा फोनला रेंज नव्हती, तेव्हा बस कुठे आहे एवढे कळण्याचे समाधान यांनीच दिले. त्यांचा खरा उपयोग लाओसची राजधानी व्हिएन्तियानमध्ये झाला. 3 डिसेंबर 2021 रोजी सुरू झालेली लाओस-चीन रेल्वे चीनच्या सीमेवरील बोतेनपासून व्हिएन्तियानपर्यंत 422 किलोमीटर धावते आणि तिच्यामुळे लुआंग प्राबांगचा पूर्वी दिवसभर खाणारा प्रवास सुमारे दोन तासांवर आला आहे. पण तिचे स्थानक शहराबाहेर एका बाजूला, तर बँकॉकच्या गाडीचे खामसावाथ स्थानक वेगळ्याच ठिकाणी. कारण साधे आहे : चिनी मार्ग स्टँडर्ड गेज आहे आणि थायलंडचा मीटरगेज, म्हणजे दोन्हींच्या रुळांमधले अंतर वेगळे. मिरजेला नॅरोगेजची कुर्डुवाडी गाडी सोडून ब्रॉडगेज धरलेली मामांना आठवत असल्याने हे त्यांना एका वाक्यात पटले. मला मात्र नकाशावर दोन्ही स्थानकांतले अंतर मोजून मगच तक्त्यात मोकळा वेळ वाढवता आला. चिनी पद्धतीच्या त्या स्थानकांवर सामानाची कसून तपासणी होते आणि चाकू, कात्री, फवाऱ्याचे डबे काढून घेतले जातात, हेही त्याच रकान्यात नोंदवले.

जुलै 2024 पासून खामसावाथहून बँकॉकपर्यंत रात्रीची थेट गाडी आहे. ती मेकाँग नदीवरच्या 1994 साली खुल्या झालेल्या मैत्री पुलावरून जाते आणि रूळ रस्त्याच्या मधोमध टाकलेले असल्याने गाडी येताना पुलावरची मोटारींची वाहतूक थांबवतात. नाँगखाईला सामानासह उतरून थायलंडचा शिक्का घ्यायचा आणि पुन्हा गाडीत बसायचे. बँकॉकला ही गाडी क्रुंग थेप अपिवात या नव्या स्थानकावर येते. जानेवारी 2023 मध्ये लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जुन्या हुआ लाम्फोंगवरून तेथे हलवल्या गेल्या, तरीही जुन्या लेखांत हुआ लाम्फोंगच लिहिलेले सापडते. कोणतीही माहिती तक्त्यात घेताना ती कोणत्या वर्षी लिहिली गेली, याचा रकाना आम्ही तेव्हापासून ठेवला.

बँकॉकहून दक्षिणेला जाणारी रात्रीची गाडी मलेशियाच्या हद्दीतील पादांग बेसार स्थानकात थांबते. थायलंड आणि मलेशिया या दोन्ही देशांची तपासणी त्याच इमारतीत एकापाठोपाठ होते, त्यामुळे जमिनीवरचा इतका सोपा नाका मी दुसरा पाहिलेला नाही. गोम वेळेची आहे. मलेशियाचे घड्याळ थायलंडच्या एक तास पुढे असते. थाई गाडी तिच्या वेळेने सकाळी आठला पोहोचली, तर क्वालालंपूरच्या विजेवरच्या गाडीसाठी तेव्हा नऊ वाजलेले असतात. जोडणी दाखवणाऱ्या एका ॲपने हा तास धरलाच नव्हता. आमच्या तक्त्यात प्रत्येक वेळेपुढे देशाचे नाव होते, ते याचसाठी.

तिकिटांच्या बाबतीत, जिथे रेल्वेचे स्वतःचे संकेतस्थळ भारतीय कार्ड स्वीकारते, तिथे तेथूनच घ्यावे. एका देशात आमचे कार्ड चालले नाही आणि मध्यस्थाकडे जादा पैसे मोजावे लागले. दुसऱ्या एका मध्यस्थाने बस सुटण्याची जुनी जागा कळवली होती, ती आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यामुळे वेळीच लक्षात आली. व्हिएतनाममध्ये तेत या नववर्षाच्या आगेमागे गाड्या भरून वाहतात. 2026 मध्ये तो 17 फेब्रुवारीला होता, म्हणून तेथला टप्पा जानेवारीतच उरकला. उत्तर लाओसमध्ये साधारण फेब्रुवारीपासून शेते जाळल्याचा धूर दाटतो, त्याचाही हिशोब त्यातच झाला.

थायलंडने 1 मे 2025 पासून आगमनाचे डिजिटल कार्ड सक्तीचे केले आहे आणि मलेशियाचेही तसेच आहे. दोन्ही विनामूल्य असून पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतात. शोध घेतला असता सरकारी वाटणारी, पैसे मागणारी पाने वर येतात. ओळखीच्या एका कुटुंबाने अशा ठिकाणी पैसे भरले. तक्त्यात खऱ्या पानांचे दुवेच जोडून ठेवले, तर नाक्यावरच्या गडबडीत शोधाशोध करावी लागत नाही.

लाओसचे चलन किप देशाबाहेर सहसा बदलून मिळत नाही, म्हणून लागेल तेवढेच घ्यावे. खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाचे हाल होतील, अशी भीती घरातून घातली होती, म्हणून मामीने भडंगाची मोठी पिशवी दिली. सावन्नखेतहून निघालेल्या रात्रीच्या बसमध्ये शेजारच्या लाओ बाईंनी त्यातले बरेच संपवले.

ही सारी पद्धत वेळखाऊ आहे. आठवडाभराची सुट्टी आणि एकच देश असेल, तर नाक्यांचा तक्ता करत बसण्याचे कारण नाही; शहरांची ॲप तेवढ्याला पुरेशी आहेत. दोनपेक्षा जास्त सीमा असतील, सोबत वयस्कर माणूस असेल आणि पारपत्र भारतीय असेल, तर मात्र मी पुन्हा याच क्रमाने जाईन. तक्ता आता मामांच्याही फोनवर आहे. भारतीयांसाठी मलेशियाची विनाव्हिसा सवलत 31 डिसेंबर 2026 पर्यंतच जाहीर झालेली असल्याने तो रकाना आम्ही लाल केला आहे, आणि थायलंडने जुलै 2024 मध्ये दिलेल्या 60 दिवसांच्या सवलतीच्या रकान्यापुढे "निघण्याआधी पुन्हा पाहणे" अशी नोंद आहे. ज्यांना हाच मार्ग धरायचा आहे, त्यांनी हे दोन रकाने आधी भरून मगच विमानाच्या तिकिटाला हात घालावा.