ट्रॉटर भावांचे दोन नाताळ: १९९६ की २००१?

डेलबॉय आणि रॉडनी या ट्रॉटर भावांची 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' ही ब्रिटिश विनोदी मालिका २९ डिसेंबर १९९६ लाच संपायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. त्या रात्री ब्रिटनमध्ये सुमारे २ कोटी ४३ लाख लोकांनी 'टाइम ऑन अवर हँड्स' हा भाग पाहिला. गॅरेजमधल्या अडगळीत पडलेलं, अठराव्या शतकातल्या हॅरिसन या घड्याळजीचं घड्याळ लिलावात ६२ लाख पौंडांना जातं आणि डेलबॉयचं 'पुढच्या वर्षी आपण लखपती' हे जुनं पालुपद खरं होतं. पण माझ्या मनात घर केलंय ते लिफ्टच्या प्रसंगानं. बायको कॅसँड्राचा गर्भ पडल्यावर रॉडनी घुमा झालेला असतो. त्यानं मन मोकळं करावं म्हणून डेल मुद्दाम लिफ्ट बंद पाडतो! हसता हसता डोळे भरून येतात.

आणि २००१ चा नाताळचा भाग? लेखक तेच, जॉन सलिव्हन. पण सुरुवातीलाच पैसा बुडतो, भाऊ पुन्हा त्याच फ्लॅटमध्ये. पाच वर्षं आपण जपलेला आनंद क्षणात पुसला जातो. रॉडनीचा रोमन योद्ध्याचा वेष, डेलचा क्विझ शो, सगळं ओढूनताणून आणलेलं. अंकल अल्बर्ट साकारणारे बस्टर मेरीफील्ड १९९९ मध्येच गेले होते. अल्बर्टच्या निरोपात मात्र जुनी माया दिसते, तेवढ्यासाठी तो भाग एकदा पाहावा.

पहिल्यांदाच बघणाऱ्यांनो, १९९६ चे तिन्ही भाग सलग बघा. दोघं भाऊ आणि अल्बर्ट मावळतीकडे चालत जातात, तिथेच टीव्ही बंद करा.